दुबईची पळवाट आणि शिरोलीची भट्टी

वाचकाचे पत्र (थोडक्यात): कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना) आहे, प्रायव्हेट लिमिटेड. वर्षाला साधारण १,५०० टन कास्टिंग, उलाढाल १८ कोटी, करापूर्वीचा नफा १ कोटी ८ लाख. त्यातला ६ कोटींचा माल जर्मनीला जातो, बाकी १२ कोटींचा इथल्या मोठ्या कंपन्यांना. त्या ९० दिवसांनी पैसे देतात. रिजेक्शन (सदोष म्हणून बाद होणारा माल) ६ टक्क्यांच्या आसपास. एक कर सल्लागार म्हणतात, 'सरकार एकेक पळवाट बुजवत चाललंय, त्याआधी दुबईत कंपनी काढा. निर्यातीचं बिल तिच्या नावाने फिरवा, निम्मा नफा तिकडे ठेवा. वर्षाचा खर्च साडेचार लाख.' दुसरा सल्ला कंपनी मोडून एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) करण्याचा. पळवाटा बंद झाल्या तर आमच्यासारखे लहान कारखाने स्पर्धेत टिकणार कसे? काय करावे?

स. न. वि. वि.

तुम्ही आकडे दिलेत ते बरे झाले. करावरची बहुतेक चर्चा टक्क्यांत होते आणि तिथेच घोळ होतो. तुमचा ग्राहक दर किलोने ठरवतो, म्हणून आपणही किलोवरच येऊ.

एक खुलासा आधी. खाली कलमांचे आणि आयकर फॉर्मचे क्रमांक १९६१ च्या आयकर कायद्याचे आहेत, कारण तुमच्या सीएंच्या आणि सल्लागारांच्या तोंडी तेच आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू झाला आणि क्रमांक बदलले. कागदावर सही करताना नवा क्रमांक विचारून घ्या.

तुम्ही ११५बीएए चा, म्हणजे सवलती सोडून कमी दर घेण्याचा, पर्याय घेतला आहे असे धरतो. म्हणजे २२ टक्के कर, त्यावर १० टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर, मिळून २५.१६८ टक्के. निम्मा नफा, म्हणजे ५४ लाख, दुबईत ठेवला तर इथला १३ लाख ५९ हजार कर वाचतो. त्यातून सल्लागारांनी सांगितलेला साडेचार लाख खर्च वजा करा, ९ लाख ९ हजार उरतात. त्याला १५ लाख किलोने भागा. किलोमागे ६० पैसे. तुमचा सरासरी दर १२० रुपये किलो आहे, म्हणजे सगळा डाव यशस्वी झाला तरी दरात अर्धा टक्का. ग्राहकाने एका ईमेलवर मागितलेली सूट याहून मोठी असते.

आता तो डाव यशस्वी होतो का ते पाहू. सल्लागारांनी तुम्हाला बहुधा तीन गोष्टी सांगितल्या असतील आणि तिन्ही खऱ्या आहेत. पहिली, अमिरातीत जून २०२३ पासून ९ टक्के कंपनी कर आला असला तरी पहिल्या ३,७५,००० दिरहमपर्यंत शून्य आहे आणि तुमचे ५४ लाख त्यात सहज बसतात. दुसरी, परदेशी कंपनीचा कारभार भारतातून चालतो म्हणून तिला भारतीय ठरवण्याची तरतूद वर्षाला ५० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या कंपन्यांना लागू होणार नाही, असे प्रत्यक्ष कर मंडळाने २०१७ च्या परिपत्रकात म्हटले आहे. तिसरी, 'गार' ही करटाळणीविरोधी सर्वसाधारण तरतूद करलाभ ३ कोटींच्या आत असेल तर लागत नाही. हे ऐकून रस्ता मोकळा वाटतो.

पण या तिन्हींच्या आधी हस्तांतरण किंमत, म्हणजे ट्रान्सफर प्रायसिंग, उभी आहे. तिला लहानमोठे असे काही नाही. आपल्याच मालकीच्या परदेशी कंपनीशी एक रुपयाचा व्यवहार झाला तरी तो त्रयस्थाशी झाला असता त्याच किमतीला दाखवावा लागतो आणि सीएच्या सहीचा ३सीईबी अहवाल भरावा लागतो. अहवाल न भरल्यास १ लाखापर्यंत भुर्दंड. व्यवहारांची रक्कम १ कोटीवर गेली की तपशीलवार दस्तऐवजही ठेवावे लागतात, आणि तुमची साडेपाच कोटींच्या आसपास होईल. ते नसतील तर दंड व्यवहाराच्या २ टक्के. साडेपाच कोटींवर तोच ११ लाख होतो. खर्च जाऊन उरलेली बचत तिथेच संपली.

किंमत तपासणारा अधिकारी काय विचारेल तेही सांगतो. जर्मन ग्राहक ६ कोटी देतो, दुबईची कंपनी तुमच्याकडून तोच माल ५ कोटी ४६ लाखांना घेते. माल शिरोलीहून जेएनपीटी आणि तिथून थेट हॅम्बर्ग. दुबईत ना गोदाम, ना माणूस, ना उधारीची जोखीम. भट्टी, पॅटर्न (साच्यांचे नमुने), माणसे, रिजेक्शनची भरपाई सगळे तुमच्या अंगावर, आणि संपूर्ण कारखाना चालवून तुम्हाला सुटतात ६ टक्के. नुसते बिल फिरवणाऱ्याला ९ टक्के. याचे समर्थन कोणताही सीए लेखी देणार नाही. दिलेच तर त्यांची सही असलेला मसुदा आधी मागा, फी नंतर द्या. किंमत बदलून कर वाढवला गेला तर कमी दाखवलेल्या उत्पन्नावरच्या कराच्या ५० टक्के दंड, आणि खोटी माहिती दिल्याचे ठरले तर २०० टक्के. व्याज वेगळे.

समजा हेही निभावले. तरी पैसे दुबईत आहेत आणि भट्टी शिरोलीत. ते इथे आणायचे तर लाभांश म्हणूनच येणार. परदेशी उपकंपनीकडून आलेल्या लाभांशावर पूर्वी १५ टक्के सवलतीचा दर होता, तो निर्धारण वर्ष २०२३-२४ पासून गेला. आता त्यावर तुमचा नेहमीचा २५.१६८ टक्के. म्हणजे कर वाचला नाही, नुसता लांबला, आणि तेवढ्या काळात तुम्ही कॅश क्रेडिटवर, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जावर, बँकेला व्याज भरत राहिलात. शिवाय परदेशी गुंतवणुकीची कागदपत्रे: पैसे पाठवण्याआधी बँकेमार्फत फॉर्म एफसी भरून युआयएन (त्या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक) घ्यायचा, दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत कामगिरी अहवाल द्यायचा. समभाग स्वतःच्या नावावर घेतले तर विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात ते दाखवायला विसरू नका. काळा पैसा कायद्याखाली त्या चुकीला १० लाख दंड आहे.

दुबई सोडा.

एलएलपीचे थोडक्यात. नफा धंद्यातच ठेवणार असाल तर कंपनीचा दर २५.१६८ आणि एलएलपीचा ३१.२ टक्के (१ कोटीवर उत्पन्न गेले की अधिभारासह ३४.९४४). सगळा नफा घरी नेणार असाल तर गणित उलटते, कारण भागीदाराच्या हाती आलेल्या नफ्यावर पुन्हा कर नाही, लाभांशावर मात्र आहे. पण तुमच्यासाठी हा प्रश्नच उरत नाही. कंपनीचे एलएलपी करताना भांडवली नफ्यावरचा कर टाळायचा तर मागच्या तीनपैकी कोणत्याही वर्षी उलाढाल ६० लाखांवर आणि मालमत्ता ५ कोटींवर गेलेली नसावी. तुमची १८ कोटी आहे. जमीन आणि मशिनरी हस्तांतराच्या करातच काही वर्षांची बचत जाईल.

तुमचा खरा प्रश्न स्पर्धेचा आहे आणि त्याचे उत्तर सल्लागार सांगतात त्याच्या बरेचसे उलट आहे. पळवाटा वापरायला पैसा, माणसे आणि आकार लागतो. अर्थसंकल्पाच्या परिशिष्टात सोडून दिलेल्या महसुलाचा तक्ता असतो. त्यात अनेक वर्षे हेच दिसत असे की ५०० कोटींवर नफा असलेल्या कंपन्यांचा प्रत्यक्ष पडणारा दर १ कोटीपर्यंत नफा असलेल्यांपेक्षा कमी आहे. लहान कारखाना जवळपास पूर्ण दर भरत होता, मोठा भरत नव्हता. २० सप्टेंबर २०१९ ला पणजीत जीएसटी परिषदेच्या बैठकीच्या दिवशी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी २२ टक्क्यांचा दर जाहीर केला, तो याच सौद्यावर: दर कमी घ्या, सवलती सोडा. सौदा चांगला होता, पण त्याचे माप सगळ्यांना सारखे नव्हते. ज्यांचा दर ३४.९४४ होता ते २५.१६८ वर आले. तुमच्यासारख्यांना २५ टक्क्यांचा मूळ दर आधीच होता, त्यांचे २७.८२ चे २५.१६८ झाले. एवढी तक्रार रास्त आहे.

सगळ्या बंद झालेल्या सवलती पळवाटा होत्या असेही नाही. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्या घ्या. त्यातल्या बऱ्याच वेगवान घसाऱ्यासाठी, म्हणजे यंत्राची किंमत लवकर खर्चात टाकून कर कमी करण्यासाठी, उभ्या राहिल्या. घसारा पवनचक्की बसवल्यावर मिळत होता, वीज निघाल्यावर नव्हे, म्हणून वारा कमी असलेल्या जागीही चक्क्या लागल्या. तो घसारा १ एप्रिल २०१२ पासून ८० वरून १५ टक्क्यांवर आणला आणि त्या वर्षी देशातली नवी उभारणी जवळपास निम्म्यावर आली. २०१४ मध्ये ८० परत दिला, २०१७ पासून ४० वर ठेवला. सवलत चुकीची बांधली होती हे खरे, पण ती एका फटक्यात काढल्याने टॉवर, ब्लेड, कास्टिंग बनवणाऱ्यांच्या ऑर्डर गेल्या हेही खरे. संशोधनावरच्या खर्चाची वजावट २०० वरून १५० आणि २०२० पासून १०० टक्क्यांवर आणली, तिथेही खऱ्या कामाचा खर्च वाढला. अशा बदलांविरुद्ध उद्योग संघटनेतून बोलावे. तुमच्या सल्लागारांची दुबई या यादीत बसत नाही.

आता एका बुजवलेल्या पळवाटेकडे येऊ, कारण तुमचा फायदा तिथे आहे. मोठ्या कंपन्या लहान पुरवठादाराचे पैसे महिनोन्‌महिने अडकवत आणि खर्चाची वजावट मात्र बिल लागल्या वर्षीच घेत. २०२३ च्या वित्त कायद्याने ४३बी मध्ये (एच) हे उपकलम घातले आणि ते निर्धारण वर्ष २०२४-२५ पासून लागू आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे देणे करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. मुदत उलटून ३१ मार्चला थकलेले असेल तर वजावट त्या वर्षी नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी. बाकीच्या काही देण्यांसारखी 'विवरणपत्राच्या तारखेआधी भरले की चालते' ही सोय इथे नाही.

तुम्ही लघु उद्योगात बसता. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा यंत्रसामग्री २५ कोटी आणि उलाढाल १०० कोटी अशी आहे. म्हणजे हे कलम तुमच्या बाजूने आहे. इथल्या १२ कोटींच्या विक्रीत ४५ दिवस वाचले तर १ कोटी ४८ लाख मोकळे होतात. कॅश क्रेडिट १०.५ टक्क्यांनी धरा, वर्षाचे व्याज साडेपंधरा लाख. कर जाऊन ११ लाख ६० हजार. दुबईच्या ९ लाखांपेक्षा जास्त, आणि यात कोणाला तोंड चुकवावे लागत नाही.

पण हे आपोआप होत नाही. उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) माल पुरवण्याआधीची हवी आणि त्यात तुम्ही उत्पादक म्हणून नोंदलेले असायला हवे. नुसत्या व्यापाऱ्याला उद्यम क्रमांक मिळतो, हे संरक्षण मिळत नाही. प्रत्येक बिलावर क्रमांक आणि 'लघु उद्योग' हे शब्द छापा. टॅलीत बिलाच्या नमुन्यात एकदा बसवले की झाले. ग्राहकाच्या गेटवरची माल मिळाल्याची तारीख जपा. दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात, आणि १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर मिळाल्याचा दिवस हाच स्वीकाराचा. पर्चेस ऑर्डरवर ९० दिवस छापलेले असले तरी कायद्यापुढे ४५ च. उशिराला रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागते आणि ते ग्राहकाला वजावटीतही मिळत नाही. ग्राहक कंपनी असेल तर ४५ दिवसांवरची थकबाकी तिला सहामाही एमएसएमई-१ फॉर्ममध्ये सरकारला कळवावी लागते. तुमच्या ग्राहकाच्या अकाउंट्स विभागाला हे सगळे पाठ आहे. तुम्हालाही आहे, एवढे त्यांना कळले की बऱ्याचदा पुरते.

कुठे फसते? कर फक्त ३१ मार्चला पाहतो. हुशार ग्राहक मार्चअखेरीस सगळे चुकते करतो आणि एप्रिलपासून पुन्हा ९० दिवस. म्हणून वर्षभराचे साडेपंधरा लाख धरू नका, निम्मे धरा. २०२४ च्या सुरुवातीला काही खरेदीदारांनी पुरवठादारांना उद्यम नोंदणीच रद्द करायला सांगितले. ते करू नका, कारण नंतर बँकेतल्या प्राधान्य कर्जापासून सगळे जाते. ग्राहक खरोखर सोडून जाईल अशी भीती असेल तर भांडण नको, ट्रेड्स हा बिलांवर लगेच पैसे मिळवून देणारा ऑनलाइन मंच वापरा. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना या मंचावर नोंदणी सक्तीची आहे. आरएक्सआयएल, एम१एक्सचेंज, इन्व्हॉइसमार्ट यांपैकी ग्राहक कुठे आहे ते विचारा. बिल चढवायचे, ग्राहक मान्य करतो, बँका बोली लावतात, पैसे लगेच खात्यात. व्याजाचा दर ग्राहकाच्या पतीवर ठरतो, त्यामुळे तुमच्या कॅश क्रेडिटपेक्षा सहसा कमी. ग्राहक बुडाला तरी बँक तुमच्या मागे येत नाही. अट एकच, ग्राहकाने बिल तिथे मान्य करायला हवे. बरेच जण नोंदणी करून गप्प बसतात.

हेच कलम तुमच्यावरही चालते. फेटलिंगवाला (कास्टिंग घासून साफ करणारा), पॅटर्नवाला, मशीनिंगचे जॉबवर्क करणारा, सगळे बहुधा सूक्ष्म उद्योग. ५ मार्चला काम स्वीकारले आणि लेखी करार असेल तर १९ एप्रिलपर्यंत मुदत. १८ तारखेला पैसे दिले, वजावट याच वर्षी. २५ ला दिले, पुढच्या वर्षी. असे ४० लाख अडकले तर यंदा साधारण १० लाखांचा कर जादा. करार नसेल तर १५ च दिवस, म्हणून आज प्रत्येकाशी एक पानी करार करा. फेब्रुवारीत टॅलीमधून देण्यांची यादी काढून कोणाचा उद्यम क्रमांक आहे त्याची खूण करा.

पत्रात तुम्ही लिहिले नाही, पण शिरोलीत खरी स्पर्धा कोणाशी आहे ते सगळ्यांना माहीत आहे: भंगाराची खोटी बिले लावून स्वस्तात माल देणाऱ्याशी. १० ऑक्टोबर २०२४ पासून बिगरनोंदणी विक्रेत्याकडून धातूचे भंगार घेतले तर जीएसटी खरेदीदाराने भरायचा. नोंदणीकृत विक्रेत्याचा करार अडीच लाखांवर असेल तर २ टक्के टीडीएस कापायचा. खोट्या नोंदीला आयकरात २७१एएडी खाली नोंदीच्या रकमेइतका दंड आहे. तुमच्या दरात किलोमागे दोन-चार रुपये मारणारा या कलमांनीच अडचणीत येतो. तुमच्यापुरते: भंगारवाल्याने जीएसटीआर-१ (विक्रीचे विवरणपत्र) भरला का ते तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये दिसल्याशिवाय कराची रक्कम देऊ नका, आणि वजनकाट्याची पावती, ई-वे बिल, ट्रकचा नंबर एकत्र ठेवा.

राहिले शॉप फ्लोअर. १ टक्का रिजेक्शन म्हणजे १५ टन. किलोला तयार खर्च ११३ रुपये, परत वितळवायला ३८ चे मोल, नुकसान ७५. सव्वाअकरा लाख, कर जाऊन ८ लाख ४२ हजार. म्हणजे ६ चे ५ टक्के झाले की दुबईचे जवळजवळ सगळे पैसे इथेच निघाले. वीजही पाहा: १,५०० टन चांगल्या मालासाठी गेटिंग-रायझर (साच्यातल्या वाटांत राहणारा, नंतर कापून टाकायचा धातू) धरून साधारण २,४०० टन वितळते. झाकण लावून, भट्टी पूर्ण भरून आणि ओतायला ताटकळत न ठेवता टनामागे ४० युनिट वाचवले, तर ९ रुपयांनी ८ लाख ६४ हजार. सँडचा ओलावा आणि कोअरचा गॅस यांची नोंद शिफ्टनिहाय ठेवायला लागा, रिजेक्शनचे कारण आधी तिथेच सापडते.

शेवटी हक्काची, कोणी बुजवलेली नाही अशी एक सवलत, जी तुमच्या आकाराचे कारखाने सहसा घेत नाहीत: ८०जेजेएए, म्हणजे नव्या कामगारांच्या पगारावरची जादा वजावट. ११५बीएए घेतले तरी मिळते. महिन्याला २५ हजारांपर्यंत पगार असलेला नवा कामगार, वर्षात किमान २४० दिवस कामावर, पगार बँकेतून, पीएफ सुरू, आणि एकूण कामगारसंख्या मागच्या वर्षापेक्षा वाढलेली. १८ हजारांचे १२ कामगार वाढवले तर पगार २५ लाख ९२ हजार. त्याच्या ३० टक्के, ७ लाख ७८ हजार, नेहमीच्या पगारखर्चाखेरीज वजा, आणि ते तीन वर्षे. दरवर्षी १ लाख ९६ हजार कर कमी. फॉर्म १०डीए ऑडिट अहवालाच्या मुदतीत भरायचा. तो विसरला की वजावट गेली. कामगारांच्या पगारातून कापलेला पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भराच. ३१ मार्च २०२६ पर्यंत एक दिवस उशीर झाला तरी ती रक्कम कायमची उत्पन्नात धरली जात असे, सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये तसा निकाल दिला होता; आता विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत भरली तर वजावट मिळते. ठेकेदारामार्फत घेतलेले कामगार यात मोजले जात नाहीत, त्यामुळे फेटलिंगच्या लोकांना आपल्या रोलवर घ्यायचे का, ते ठरवताना हा हिशेब सीएंकडून मार्चआधी करून घ्या.